टीचरचे पाय

टीचरना चालता येत नव्हतं, पण सायकल चालवता येत होती. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्यानं आधी मला वेड्यात काढलं. त्यांना तरी काय बोलणार, स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत मलाही ते पटलं नव्हतं. हैदराबादला, बरकतपुऱ्यातल्या घराच्या उंबऱ्यापाशी आल्या की टीचरचे पाय फरशीला चिकटायचे. कमरेपासून वरचं अंग पुढे झुकायचं, पाय तिथेच. काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, मागून कमरेला धरून उभे असायचे. दारापासून फाटकापर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागायचा की बाहेर थांबलेले आम्ही सायकल ग्रुपवाले उगाचच आपापल्या सायकलींचे टायर दाबून बघत राहायचो, कारण त्यांच्याकडे बघत राहिलेलं त्यांना चालायचं नाही. मग ग्रुपचे फारूखभाई एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना सीटवर बसवायचो, एकेक पाऊल पेडलवर ठेवायचो, पाठीला हलका धक्का द्यायचो. आणि टीचर निघायच्या. पाठ ताठ, पाय गोल गोल फिरतायत, कुठे अडत नाहीत, कुठे थरथरत नाहीत. गल्लीच्या वळणापर्यंत गेलेल्या टीचरना मागून बघितलं तर कुणालाही वाटावं, चांगली खणखणीत बाई आहे, सकाळच्या हवेत फिरायला निघालीय.

त्यांना कंपवात झाला होता, पार्किन्सन. मला कळलं तेव्हा विश्वास बसला नाही, कारण माझ्या डोक्यातल्या टीचर म्हणजे नुसती चाल होती. काचीगुड्याच्या आमच्या मराठी शाळेत त्या भूमिती शिकवायच्या. व्हरांड्यातून त्यांच्या चपलांचा टपटप आवाज आला की दोन वर्गांपलीकडची पोरंसुद्धा गप्प व्हायची. फळ्यावर रेघ ओढताना त्या पट्टी वापरत नसत. आमची रेघ मात्र वाकडी आली की आम्ही रबर काढायचो, आणि त्या ओरडायच्या, "खोडू नकोस! वाकडी का होईना, पुरी कर. अर्धी रेघ घेऊन मी काय करू?" पुढे पोरं इंग्रजी शाळांकडे गेली, आमची शाळा बंद पडली, टीचर निवृत्त झाल्या. माझं लग्न होऊन मी तिथेच, स्टेशनजवळ राहिले. रस्त्यात भेटल्या की हातातली पिशवी खाली ठेवून मी नमस्कार करायचे आणि त्या म्हणायच्या, "जाड झालीस."

जाड झालेच होते. शुगर निघाली, डॉक्टरांनी रागावून सांगितलं, आणि मी फारूखभाईंच्या सायकल ग्रुपमध्ये नाव घातलं. फारूखभाईंचं हिमायतनगरला चष्म्याचं दुकान आहे. ग्रुपमध्ये सगळे आमच्यासारखेच होते, कुणाचं बीपी, कुणाचे गुडघे, कुणाची नोकरी गेलेली, कुणाला घरात करमत नाही म्हणून. त्या वर्षी फारूखभाईंनी चॅलेंज काढलं: उगादीपासून, म्हणजे आपल्या पाडव्यापासून, दसऱ्यापर्यंत रोज सायकल. काचीगुडा स्टेशन, नारायणगुडा, हिमायतनगर आणि परत. ऊन असो, पाऊस असो. एक दिवस चुकला की नाव गळलं.

पाडव्याच्या आठवडाभर आधी टीचरचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी दोनदा "कोण?" विचारलं. "घरी ये," एवढंच म्हणाल्या. गेले तर खुर्चीत बसलेल्या. चेहरा दगडासारखा, डोळ्यांची उघडझाप नाही, उजवा हात मांडीवर सारखा थरथरतोय. मला वाटलं, माझ्यावर रागावल्यात. मी काहीतरी विनोद केला तर चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी हसतेय, मीनल. तुला दिसत नाहीये."

दवाखान्यात व्यायामासाठी त्यांना जागेवरच्या सायकलवर बसवलं होतं, आणि तिथे बसल्याबरोबर पाय आपोआप चालायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, होतं असं काही जणांत, चालण्याचा धागा तुटतो, पण सायकलचा शाबूत राहतो. टीचरनी ते धरूनच ठेवलं. "पण भिंतीकडे तोंड करून पाय मारायचे, त्याला काय अर्थ? मला रस्ता पाहिजे. तुझ्या त्या लोकांना विचार, मला घेतात का."

"सुधा, काहीतरी बोलू नकोस," काका आतून आले. जमीन महसूल खात्यात आयुष्य काढलेला सावध माणूस. "अहो, हिला धड उभं राहता येत नाही. हैदराबादचा ट्रॅफिक बघितलायत ना?"

टीचरनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान वळवणंच त्यांना जड जायचं. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी बरी होणार नाही, ते मला माहीत आहे. बरं कर असं मी कुणाला म्हणत नाही. दिवसातून एकदा मला माझे पाय माझे पाहिजेत. बास."

फारूखभाईंना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "चला लेंगे. लेकिन रोकना कैसा, ये सोचना पडता." तेच खरं होतं. चालू सायकलवर टीचर सुखरूप होत्या, थांबल्या की पडणार. म्हणून आम्ही ठरवलं, टीचरच्या पुढे फारूखभाई, मागे मी. सिग्नल दिसला की दोघांनी पुढे सटकायचं, उतरायचं, आणि त्या आल्या की दोन्ही बाजूंनी दंड धरायचे. सिग्नल सुटला की पुन्हा धक्का. ग्रुपमधल्या प्रत्येकाला हे शिकवलं गेलं आणि शिकवलं खुद्द टीचरनी. "धरा. ओढू नका. मी पोतं नाहीये." नारायणगुड्याचा ट्रॅफिक पोलीस आम्हाला लांबून बघून हात दाखवायला लागला. टीचर त्याच्यासमोरून जायच्या तेव्हा तो तेलुगूत ओरडायचा, "अम्मा, जाग्रत्ता!" म्हणजे जपून.

हिमायतनगरला एका इराणी हॉटेलच्या बाहेर आम्ही चहाला थांबायचो. टीचरना सायकलवरून उतरायचं नसायचं. मी सायकल धरून उभी राहायचे आणि त्या सीटवर बसूनच, माझ्या हातातल्या कपातून चहा प्यायच्या. "अर्धाच भर. पूर्ण भरलास तर तुझ्या ड्रेसवर जाईल, मग तू मनात शिव्या देशील." ग्रुपमधल्या लोकांना आधी त्यांच्या चेहऱ्याची भीती वाटायची. मग सवय झाली. कुणी जोक मारला की टीचरकडे बघून विचारायचं, "हसल्या काय?" आणि त्यांनी बारीक आवाजात म्हणायचं, "हौ. पोट धरून." वैशाखाच्या उन्हात दोन तगडे जवान नाव गळून घरी बसले. टीचर येत राहिल्या. परतताना गल्लीच्या तोंडाशी आलो की मात्र त्यांचा वेग कमी व्हायचा. पाय थकले म्हणून नव्हे. फाटकापाशी काका उभे असत, आणि तिथे पोचलं की उतरायचं असे. उतरवल्या क्षणी, माझ्या डोळ्यांदेखत, ते पाय पुन्हा लाकडाचे व्हायचे. रोज. मी त्यांचा दंड धरलेला असायचा, आणि ते बळ अंगातून निघून जाताना मला हाताला कळायचं.

आषाढात, बोनालूच्या, म्हणजे इथल्या देवीच्या जत्रेच्या दिवसांत, नारायणगुड्याजवळ रस्ता ओला होता आणि एक स्कूटर उलट्या बाजूनं आली. फारूखभाई ओरडले. टीचरना ऐकू आलं, कळलंही असणार, पण ब्रेक दाबायचा निरोप हातापर्यंत पोचायला उशीर झाला. त्या पडल्या. पडतानाही चेहरा तसाच, शांत. रस्त्यावर आडव्या पडून त्यांनी मला काय विचारावं? "सायकलला लागलं का?"

मनगट मोडलं होतं. काका रिक्षातून आले, पायात घरातल्या स्लिपर, शर्टाची बटणं वरखाली. त्यांनी टीचरकडे बघितलं, मग आमच्याकडे. त्या सज्जन माणसाला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "तुम्हाला हौस आहे म्हणून माझ्या बायकोचा जीव घ्याल का? कोण तुम्ही? कोण लागता तिचे?" फारूखभाई मान खाली घालून उभे राहिले. आम्ही खरंच कोण लागत होतो!

प्लास्टर घातलं, टीचरचं नाव गळलं, काकांनी सायकलला साखळी घालून कुलूप लावलं. श्रावणात मी भेटायला गेले तेव्हा मला रडू आवरेना. इतक्या थोड्या दिवसांत माणूस इतका कसा संपतो? कुशीवर वळता येत नव्हतं. घास गिळताना ठसका लागायचा. खुर्चीत बसवलं की बसवल्यासारख्या, ठेवलेल्या वस्तूसारख्या. मला म्हणाल्या, "माझा पाय जरा पुढे सरकव." मी सरकवला. "अजून." मी अजून सरकवला. "आता मागे." मी खाली बसून त्यांचा पाय पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिले. त्या डोळे मिटून होत्या. मग म्हणाल्या, "मीनल, हे मला जपून जपून मारतायत गं."

काका स्वयंपाकघरात गोळ्या कुटत होते, सबंध गोळी गिळता येत नव्हती म्हणून. त्यांना ऐकू गेलं होतं. मी आत गेले तर त्यांचा हात थांबलेला. म्हणाले, "रस्त्यावर गेली तर मी मारली. घरात गेली तर आजारानं गेली. मी भित्रा माणूस आहे, मीनलताई. मला दुसरं जमलं पाहिजे, पण जमत नाही." आणि ओट्याला दोन्ही हात टेकून ते लहान मुलासारखे रडले. बाहेरच्या खोलीतून टीचर हाक मारत असाव्यात. काकांच्या रडण्यापुढे त्यांचा आवाज आतपर्यंत पोचत नव्हता.

प्लास्टर निघालं तसं फारूखभाईंनी कुठूनशी एक जोडसायकल मिळवली. दोन सीटा, पेडलच्या दोन जोड्या, पुढच्यानं वळवायचं आणि ब्रेक मारायचा, मागच्यानं नुसते पाय चालवायचे. ती घेऊन आम्ही चार-पाच जण त्यांच्या फाटकाशी उभे राहिलो. फारूखभाई म्हणाले, "अंकल, एक बार. गिरेंगे तो पहले मैं गिरूंगा." काकांनी फाटक उघडलं. टीचरना बाहेर आणलं. त्यांनी सायकल बघितली आणि म्हणाल्या, "मागे? मी मागे बसणार?"

"टीचर, और एक बात," फारूखभाई म्हणाले. "आपका नाम फिर से डाल दिए. इतने दिन के बदले हम सब एक एक चक्कर जास्ती मारे. रूल हमीच बनाए थे, हमीच बदल दिए."

टीचर श्वास घ्यायला थांबल्या. मग म्हणाल्या, "नक्को, भाई. नाव गेलं ते गेलं. पेपर मी सोडवला नाही तर मार्क कसले घेऊ? मला फक्त बसवा."

दोन दिवस पुढे फारूखभाई बसले. तिसऱ्या सकाळी काका फाटकात उभे होते ते बूट घालून. पँटचे पायचे मोज्यात खोचलेले. फारूखभाईंना म्हणाले, "मी बसतो. कॉलेजात असताना चालवलीय." आम्ही एकमेकांकडे बघितलं. टीचर म्हणाल्या, "तुम्ही? तुम्हाला स्कूटरवरून भाजी आणताना घाम फुटतो."

"फुटू दे," काका म्हणाले. "पडलो तर दोघं पडू. मग मला कुणाला उत्तर द्यायचं राहणार नाही."

पहिला दिवस भयंकर होता. सायकल सापासारखी जात होती, आणि आम्ही सगळे दोन्ही बाजूंनी हात पसरून पळत होतो. पण मागून टीचरचे पाय घड्याळासारखे फिरत होते, आणि तेच काकांना सावरत होते. पुढे जमलं. पावसात रेनकोट घालून, गणपतीच्या मांडवांमधून वाट काढत, बतुकम्माच्या, फुलांच्या सणाच्या दिवसांत रस्त्यावर पडलेल्या झेंडूच्या पाकळ्यांवरून ते दोघं रोज गेले. घरी मात्र टीचर दिवसेंदिवस कमी होत होत्या. आवाज तर जवळजवळ गेलाच होता. काकांना मागून काही सांगायचं असेल तर त्या पाठीवर बोटानं टोचायच्या. एकदा टोचलं म्हणजे हळू, दोनदा म्हणजे जोरात. काका हसून सांगायचे, "दोनदाच टोचते."

दसऱ्याच्या सकाळी सगळा ग्रुप आला. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या गळ्यात फारूखभाईंनी हार घातले. टीचरच्या गळ्यात घालायला गेले तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. फेरी झाली, गल्लीत आलो, काकांनी ब्रेक मारला. मी आणि फारूखभाईंनी नेहमीसारखे दंड धरले. टीचरची बोटं हँडलवरून सुटेनात. मला वाटलं, आखडलीत. मी एकेक बोट सोडवायला लागले तेव्हा त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"उतरवू नका."

"टीचर, घर आलं."

"म्हणूनच. उतरवू नका. आज उतरले की..." पुढचं ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल, मला आठवायचं नाहीये. मी काकांकडे बघितलं. मान मागे वळवून त्यांनीही सगळं ऐकलं होतं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पेडलवर पाय ठेवला. मग ते दोघं बरकतपुऱ्याच्या त्या गल्ल्यांतून नुसते फिरत राहिले. एक फेरी, आणखी एक, आणखी. दारात तोरणं लावणारे लोक थांबून बघायला लागले. ग्रुपमधला कुणी घरी गेला नाही, सगळे मागे मागे. ऊन चढलं. काकांचा श्वास लागला, चेहरा लालबुंद झाला, तरी ते थांबेनात, कारण थांबवायचं कुणी? शेवटी त्यांचे पाय गेले. सायकल फाटकाशी येऊन नुसती टेकली. टीचरना उतरवताना या वेळी त्यांनी काही म्हटलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा नेहमीसारखाच, कोरा.

त्यानंतर त्या सायकलवर बसल्या नाहीत. मानच धरता येईना. दिवाळी झाल्यावर काकांनी त्यांना नांदेडला मुलीकडे न्यायचं ठरवलं, एकट्याच्यानं होत नव्हतं. काचीगुडा स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. व्हीलचेअर डब्यात चढवली, फारूखभाईंनी टीचरच्या पायांवर शाल पांघरली. गाडी सुटायच्या आधी मी खाली वाकून नमस्कार केला. त्यांना काही बोलता आलं नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिल्या, तेव्हा मीच म्हटलं, "हो, टीचर. बारीक झालेय." आणि मग माझ्यानं तिथे थांबवलं नाही.

काकांनी नांदेडहून फोन करून सांगितलं, "तुमची फेरी झाली की रोज फोन करा. मी तिच्या कानाला लावतो. काय दिसलं ते सांगा." मला आधी अवघडल्यासारखं व्हायचं. पलीकडून काहीच आवाज नाही, आणि मी आपली बोलतेय: स्टेशनसमोर रिक्षावाल्यांचं भांडण चाललंय, हिमायतनगरला नवा खड्डा पडलाय, फारूखभाईंची चेन उतरली आणि त्यांनी पांढऱ्या शर्टाला हात पुसले. एकदा मध्येच काकांचा आवाज आला. "पाय हलतायत तिचे. चादरीखाली. डॉक्टर म्हणतात, औषधानं हलतात, त्याला काही अर्थ नसतो." मग म्हणाले, "तुम्ही सांगत राहा."

मी सांगत राहिले. थंडीभर. कधी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, सांगायला जास्त मिळावं म्हणून. कधी खोटंही सांगितलं, पाऊस नसताना पाऊस घातला. त्या खुर्चीला, त्या बिछान्याला माझ्याच्यानं दुसरं काही देता येत नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी मी फेरीहून येऊन हेल्मेट काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. काकांचा. रोज मी करायचे. आज त्यांनी केला, म्हणजे मला कळलंच. "पहाटे गेली," ते म्हणाले. "झोपेतच. त्रास नाही झाला." मी पायरीवर बसले. मागे घरात माणसं जमल्याचा आवाज येत होता, कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्यांनी फोन ठेवला नाही.

"मीनलताई," ते म्हणाले, "आज कुठवर गेला होतात?"

"काका..."

"सांगा. मी ऐकतोय."

मी डोळे पुसले आणि स्टेशनपासून सुरुवात केली.